पोरं टिकत नाहीत, पण टिकायचं कशावर?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात कुठल्याही कारखानदाराला "काय, कसं चाललंय?" विचारा. तिसऱ्या वाक्याला "पोरं टिकत नाहीत हो" येतंच. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत हेच रडगाणं एसीत बसून गातात, एवढाच फरक.

मी आयुष्यभर पर्सोनेल खात्यात काम केलं (एचआर हे नाव नंतर आलं, खुर्ची तीच). आता छोट्या युनिट्सचे कागद बघतो. कुणाला राग आला तर येऊ दे, पण आजच्या मालक-मॅनेजर मंडळींची खरी अडचण नवी पिढी नाहीच. समोरच्याला आपण काय देऊ शकतो आणि काय नाही, हे तोंडावर सांगायची सवयच त्यांना उरलेली नाही.

आपण पोरं घेतो कशी ते बघा. आयटीआय झालेला मुलगा लातूर-नांदेडकडून येतो, चाकणला एका खोलीत पाच जण राहतात. कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर लागतो. सहा-सात महिने झाले की ब्रेक, म्हणजे कायम करावं लागू नये म्हणून कामावरून कमी. मग दुसरा कॉन्ट्रॅक्टर, दुसरं गेट, दुसरं कार्ड. तरी अपेक्षा अशी की त्यानं कंपनी आपली मानावी, कायझेन (काम सुधारायच्या छोट्या सूचना) द्यावेत, रविवारी डिस्पॅचला थांबावं. अहो, दिवाळीला आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो तुमच्या स्क्रॅपची काळजी कशाला करेल?

माझ्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये पन्नाशीचा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा कारागीर आहे. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) टर्निंग चालू असताना पाठ करून चहा पीत असतो आणि मधेच म्हणतो, "इन्सर्ट गेला." नुसत्या आवाजावरून. मशीन थांबवून बघावं तर खरंच त्या कापायच्या पात्याची कड उडालेली. अजून दोन-चार पीस गेले असते तर साइझ बाहेर. असा कान सात महिन्यांत तयार होत नाही. त्याच्या हाताखाली इतकी मुलं आली-गेली की आता तो नावं विचारत नाही. "ए निळा टीशर्ट" अशी हाक मारतो.

आणि नेमकं आत्ताच शिकलेली माणसं हवी आहेत. आकुर्डीच्या बजाजची चेतक स्कूटर १९७२ची, ती २०२०मध्ये विजेवर परत आली. नाव तेच, पण आत पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. ज्यांचं दुकान या पार्टांवर चाललंय त्यांना उद्या दुसरं काही बनवावं लागणार. ते बनवणार कोण, तर परवा ब्रेक दिलेला मुलगा?

आयटीतही वेगळं नाही. "टीसीएसला आहे" एवढ्यावर पुण्यात लग्नं जमली आहेत. त्याच कंपनीनं जुलै २०२५मध्ये सुमारे १२,००० लोक कमी करणार असं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त. त्यानंतर टीम लीडनं ऑफिसात येण्याचे फायदे सांगितले तर पोरं कार्ड स्वाइप करून कॅन्टीनला जाणारच.

नारायण मूर्ती २०२३मध्ये आठवड्याला ७० तास म्हणाले, एल अँड टीचे सुब्रह्मण्यन २०२५मध्ये ९० वर गेले. केवढी चर्चा झाली! आमच्या शॉप फ्लोअरवर तो वादच नाही. पोरं ओव्हरटाइम मागून घेतात, कारण बेसिकमध्ये भागत नाही.

नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या श्रम संहिता आल्या. नेमणूकपत्र सक्तीचं, ठरावीक मुदतीच्या कामगारालाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी, नोकरी सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशोब. बरेच मालक मला एकच विचारतात, "यातून वाट काय?" मी म्हणतो, वाट कसली काढता, पत्र द्या.

मालकांची बाजूही आहे, ती लपवत नाही. वरची मोठी कंपनी दरवर्षी भाव कमी करायला लावते आणि शेड्यूल महिन्यामागे बदलते. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६चा, तरी बिलासाठी फोन करून घसा बसतो. असा माणूस दुसऱ्याला पाच वर्षांची हमी कुठून देणार? नकोच देऊ. पुढच्या तीन महिन्यांचं खरं सांग, बस.

भोसरीतल्या एका मालकानं हे ऐकलं. येणारं शेड्यूल तो आता टाइम ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लावतो. पार्टनर असलेला धाकटा भाऊ भडकला, "दादा, काम कमी दिसलं तर सगळे पळतील!" पुढे खरंच एका महिन्यात काम कमी दिसलं. दोघं गेले. उरलेल्यांपैकी तिघांनी विचारलं, रिकाम्या शिफ्टला व्हीएमसी मशीन शिकवता का? मालक हो म्हणाला. धाकटा म्हणतो, शिकली की शेजारचा चार हजार जास्त देऊन उचलेल. मला वाटतं एखादा जाईलच, तरी शिकवावं. तर सध्या दोघा भावांचं बोलणं माझ्यामार्फत चालू आहे.