उचलली गाडी
इंदूरच्या राजेंद्रनगरात, आमच्या अंगणात, सुट्या भागांतून जोडलेली एक दोन आसनी मोटार उभी आहे. १९५७ साली इंग्लंडात निघालेल्या लोटस सेव्हनच्या वळणाची ही गाडी म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फायबरचे मडगार्ड. वजन साडेपाचशे किलो, म्हणजे जुन्या मारुती ८०० पेक्षाही कमी. हे वजन मी गल्लीत अभिमानाने सांगत सुटलो, तिथेच चुकलो. पुढून खडखडाट येतो म्हणून डाव्या चाकाचे बेअरिंग पाहायचे ठरले त्या रविवारी शेजारचे काका पोह्यांची बशी घेऊनच आत आले. “त्यात काय, चार जण लागू, उचलून टाकू!” उचलली जीभ, लावली टाळ्याला.

जड गाडीला जॅक लावायची जागा कारखान्यानेच ठरवून दिलेली असते. आमच्या नाजूक बाईंच्या तळाच्या पत्र्याला जॅक लागला तर पत्रा चेपतो, दोन सांध्यांमधल्या नळीला लागला तर नळी वाकते आणि फायबरला तर नुसत्या विचारानेच तडा जातो. नळ्या जिथे एकत्र येतात त्या सांध्याखाली, मध्ये लाकडी ठोकळा ठेवूनच जॅक लावावा लागतो. पण गाडी इतकी बुटकी की सियागंज बाजारातून आणलेला, चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक आत शिरेना. तेव्हा पुढची दोन्ही चाके घरातल्या दोन शिसवी पाटांवर ढकलत चढवली. “अहो, पानेही मांडू का?” स्वयंपाकघरातून विचारणा झाली.

चाक हवेत गेल्यावर नट सोडवू लागलो तर चाकच फिरते, म्हणून ते आधीच सैल केले, मागच्या चाकांना दगड लावले आणि दांडा मारू लागलो. जॅकचा हात कमानीत वर जातो, त्यामुळे वर चढता चढता जॅकनेही थोडे सरकायला हवे; आमच्या जॅकचे चाक फरशीच्या फटीत अडकले आणि जॅकऐवजी गाडीच तुळशीवृंदावनाकडे सरकू लागली. ती खाली घेतली, जॅकखाली प्लायवूड टाकले आणि पुन्हा आरंभ केला. या वेळी ताठ सांगाड्यामुळे पुढच्या चाकाबरोबर त्याच बाजूचे मागचे चाकही उचलले गेले. “एका जॅकात दोन चाके!” काका हर्षले आणि बशी ठेवून खाली डोकावू लागले. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की ते रुसलेच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे त्यांना समजावण्यापेक्षा सांध्याखाली जॅक स्टँड, म्हणजे न हलणारी लोखंडी घोडी, लावून त्यावर भार उतरवणे सोपे गेले. मग आपण खाली शिरण्याआधीच ती हलून घ्यावी म्हणून गाडीला दोनदा ढकलून पाहिले.

बेअरिंग उत्तम होते. खडखडाट उजव्या चाकाचा होता, आणि ते चाक पाटावरून उठलेलेच नव्हते. दुपारी जेवायला बसलो तेव्हा घरात एकच पाट होता. त्यावर काका बसले.