बदली

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आतेभावाने लिहिलं, "२७ कोटी घेणाऱ्याला कसली आलीय युनियन?" भारतात आज खेळत असलेल्या क्रिकेटपटूंना स्वतःची संघटना असावी का, यावर वाद चालला होता. ऋषभ पंतचा आयपीएल लिलावातला आकडा सगळ्यांना तोंडपाठ. एका काकांनी त्यावर हात जोडल्याची चित्रं टाकली आणि विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो संपेना, कारण हाच सूर मी अमेरिकेत, मी राहतो त्या पिट्सबर्गमध्ये ऐकला आहे, आणि तेही एका माणसाच्या मृत्यूच्या बातमीवर.

२७ नोव्हेंबर २०१२, मंगळवार. मार्विन मिलर गेले, ९५ व्या वर्षी. १९६६ ते १९८२ या काळात ते अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूंच्या युनियनचे पुढारी होते. त्याआधी ते पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये अर्थतज्ज्ञ होते, आणि त्या युनियनचं मुख्यालय आमच्या पिट्सबर्गात. म्हणून मला वाटलं, निदान या गावात तरी लोक हळहळतील. संध्याकाळी कुंपणाशी शेजारचे आजोबा भेटले. त्यांची उमेदीची वर्षं होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात गेली होती. युनियनचं कार्ड अजून पाकिटात ठेवणारा माणूस. ते म्हणाले, "या माणसाने आमचा संघ बुडवला."

त्यांचा राग पोकळ नव्हता. १९९२ च्या मोसमानंतर आमच्या बेसबॉल संघाचा, पायरेट्सचा सर्वांत मोठा खेळाडू बॅरी बॉण्ड्स करार संपताच सॅन फ्रान्सिस्कोला गेला, ६ वर्षांच्या ४ कोटी ३७ लाख डॉलरच्या करारावर. त्यानंतर सलग २० मोसम पायरेट्स जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेलेच जास्त. २०१२ हा त्यातला विसावा. करार संपल्यावर खेळाडूला हव्या त्या संघाकडे जाता येतं, हा हक्क मिलर यांच्याच लढ्यातून आला. लहान गावातल्या प्रेक्षकाला तो दर हिवाळ्यात नवी जखम देऊन जातो. ऑफिसातही दुसऱ्या दिवशी हेच: खेळाडू लोभी झाले, तिकिटं महागली, मिलर कारण.

त्या आठवड्यात मी जुनी वर्तमानपत्रं काढून वाचत बसलो. १९७५ पर्यंत बेसबॉलच्या करारात एक कलम होतं. करार संपला की मालकाने तो एका वर्षासाठी आपल्या मर्जीने वाढवायचा, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. म्हणजे खेळाडू जन्मभर त्या मालकाचा. मालक त्याला दुसऱ्या गावाला विकू शकत होता, त्याला मात्र पाय उचलता येत नव्हता. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला धाडलं, तेव्हा तो नाही म्हणाला. वर्षाला ९० हजार डॉलर मिळत होते त्याला, त्या काळी मोठीच रक्कम. तरी त्याने लिहून कळवलं की मी कुणाच्या मर्जीने विकत घ्यायची वस्तू नाही. पोर्टो रिकोत खेळाडूंच्या प्रतिनिधींची बैठक झाली, आणि तिथे पायरेट्सचा रॉबर्टो क्लेमेंटे फ्लडच्या पाठीशी उभा राहिला. ज्याच्या नावाच्या पुलावरून हे गाव मैदानाकडे चालत जातं, तोच क्लेमेंटे. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याचं खेळणं संपलं. ते कलम मोडलं १९७५ च्या डिसेंबरात, दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात, लवादापुढे.

फ्लड वारला २० जानेवारी १९९७ ला. त्याच्या चार दिवस आधी, १६ जानेवारीला, पवईत मुंबईच्या गिरणी संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांना गोळ्या घातल्या होत्या. या दोन तारखा मी कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि बराच वेळ नुसता बघत राहिलो.

मी लालबागचा. वडील गिरणीत साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप रीतसर मागे कधी घेतलाच नाही. वडील गावी गेले, आई खानावळीचे डबे करू लागली. आमच्या चाळीत डॉक्टरांना शिव्या घालणारे होते आणि ते गेल्यावर अंत्ययात्रेत ढसाढसा रडणारे होते. पुष्कळदा ती एकच माणसं होती. शेजारच्या आजोबांवर मला रागावता आलं नाही ते यामुळेच. होमस्टेडचा कारखाना १९८६ ला बंद पडला. आज तिथे दुकानं आहेत आणि ओळीने जुनी धुराडी उभी ठेवली आहेत. परळला फिनिक्स गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये, जुन्या धुराड्याखाली मी खरेदी केली आहे, इथे होमस्टेडच्या धुराड्यांखालीही करतो.

माझं म्हणणं एका शब्दापाशी येऊन थांबतं. बदली. गिरणीत बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर उभा राहणारा. कायमच्या माणसाचा खाडा पडला तर आत, नाहीतर परत घरी. डॉक्टरांच्या मागण्यांत बदलीवाल्यांना कायम करा, ही एक मागणी होती. क्रिकेटच्या मराठी समालोचनातही बदली खेळाडू आहेच. लिलावाच्या रात्री आपण २७ कोटींकडे बघतो, तेव्हा तो गेटवर उभाच असतो.

२०२०-२१ चा रणजी मोसम करोनामुळे झालाच नाही, १९३४-३५ पासून पहिल्यांदा. रणजीपटूंना बोर्डाचा वर्षाचा करार नाही, सामना खेळला तर मानधन. नुकसानभरपाई जाहीर झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, आधीच्या मोसमाच्या मानधनाच्या निम्मी. ती किती असावी, कधी मिळावी, हे बोर्डाशी टेबलावर बसून बोलायला खेळाडूंच्या बाजूने कोणी नव्हतं. २०१९ मध्ये जी क्रिकेटपटूंची संघटना झाली, ती निवृत्तांची आहे. तिचं कामही मोलाचं आहे, पण जो उद्या गोलंदाजी टाकणार आहे त्याला तिथे जागा नाही. १९८९ मध्ये अमेरिकेत परवानगीविना प्रदर्शनी सामने खेळले म्हणून वेंगसरकर, कपिल देव, शास्त्री यांच्यासारख्यांवर बोर्डाने बंदी घातली होती. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा ती उठली. त्या वयात आम्ही वेंगसरकरांच्या फलंदाजीसाठी भांडत होतो, त्यांच्या हक्काबद्दल चाळीत कोणी चकार शब्द काढल्याचं मला आठवत नाही.

आतेभावाचा हिशेबच मांडायचा तर पुरता मांडावा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. २०२५ च्या मोसमात दहा संघांना खेळाडू घ्यायला प्रत्येकी १२० कोटी, एकूण १२०० कोटी. नुसत्या प्रसारणाच्या पैशातला हा आठवा हिस्सा. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये खेळाडूंचा निम्म्याच्या आसपासचा वाटा करारातच लिहिलेला आहे, कारण तिथे करार दोन बाजूंनी सह्या करून होतो. आपल्याकडे लिलावात उचललेल्या खेळाडूने दुखापतीशिवाय माघार घेतली तर दोन वर्षं बंदी. हा नियम ठरला तेव्हा खेळाडूंच्या वतीने कोण बसलं होतं?

इथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पायरेट्सचे ते २० मोसम मी पाहिलेत, श्रीमंत शहरांनी चांगले खेळाडू उचलून नेलेलेही पाहिलेत. पण मालकांनी आपसांत पैसा कसा वाटायचा हे मालकांचं कोडं आहे, आणि ते सोडवायला खेळाडूला जन्मभर बांधून ठेवणं मला मान्य नाही. शिवाय मिलर यांच्या युनियनचा सगळ्यात मोठा लाभ बॉण्ड्सला झालेला नाही. १९६६ मध्ये किमान पगार ६ हजार डॉलर होता, १९६८ च्या पहिल्या सामूहिक करारात तो १० हजार झाला. १९७२ चा १३ दिवसांचा संप पेन्शनसाठी होता, आणि तो मोठमोठ्या खेळाडूंनीही केला. २०२२ मध्ये खालच्या स्तरावरची पोरं याच युनियनमध्ये आली. पुढच्याच वर्षीच्या करारात सर्वांत खालच्या पायरीचा वार्षिक पगार ४,८०० वरून १९,८०० डॉलरवर गेला. मिलर यांना हे बघायला मिळालं नाही. बेसबॉलच्या सन्मानभवनातही त्यांना जिवंतपणी घेतलं नाही; २०१० च्या मतदानात एका मताने राहिले, आणि निवड झाली ती २०१९ मध्ये.

आतेभावाचा धाकटा डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलने किटबॅग घेऊन मैदानावर जातो. डावखुरा फिरकी गोलंदाज आहे, चांगला आहे, रणजी अजून लांब आहे. मी भावाला फोन केला आणि सांगितलं, ही युनियन मला पंतसाठी नको आहे, तुझ्या पोरासाठी हवी आहे. पण ती पोराला काढता येणार नाही. त्याने सही केली तर पुढच्या सामन्यात दुसरा कोणी असेल. ज्याला कोणी वगळू शकत नाही, त्या २७ कोटीवाल्याचीच पहिली सही हवी, जसा पोर्टो रिकोत क्लेमेंटे उभा राहिला. आणि त्याने ती केली तर तुम्ही घरी बसून त्याला लोभी म्हणू नका.