शेल्टरमधलं कुत्रं बिघडलेलंच असतं का?

एक मेसेज पुन्हा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: शेल्टरमधली कुत्री कुणालातरी नकोशी झालेली, म्हणजे बिघडलेलीच. मोठ्या वयाच्या कुत्र्याला नव्या माणसाचा लळा लागत नाही. दत्तक देताना पैसे घेतात, म्हणजे धंदाच. तेव्हा कुत्रं घरी आणू नका, त्यापेक्षा घरातलं उरलंसुरलं तिथे नेऊन द्या.

आधी 'बिघडलेली'. कुत्री सोडली जातात तेव्हा बऱ्याचदा कारण माणसाकडेच असतं: घर बदललं, घरमालकाने मनाई केली, सांभाळणारा आजारी पडला किंवा वारला, खर्च झेपेना. काही कुत्री खरंच भेदरलेली किंवा चावरी असतात, नाही असं नाही. चांगलं शेल्टर ते लपवत नाही. पण पिंजऱ्याच्या जाळीवर झेप घेणारं किंवा कोपऱ्यात तोंड लपवून बसलेलं कुत्रं बघून स्वभावाचा निकाल लावू नये. सततचं भुंकणं, अनोळखी वास, धड न होणारी झोप, यात कुठलंही कुत्रं वेगळंच वागेल. शेल्टरमध्ये अन्नाजवळ कुणी आलं की गुरगुरणारी अनेक कुत्री घरी गेल्यावर तसं करत नाहीत, हे अभ्यासांतही दिसलं आहे. तिथल्या माणसांना विचारायचं ते वेगळंच: याला बाहेर फिरायला नेल्यावर कसं वागतं? मुलं, मांजर, दुसरं कुत्रं समोर आलं तर काय करतं?

मोठ्या कुत्र्याला लळा लागत नाही, या समजुतीमागे एक खरी गोष्ट आहे, ती मेसेजवाल्याने भलतीकडे नेली. पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना जे पाहतं-ऐकतं, त्यावर पुढे नव्या गोष्टींची भीती वाटणार की नाही, हे बरंच ठरतं. माणसावर जीव लावणं मात्र त्या वयात संपत नाही. उलट मोठ्या कुत्र्याचा आकार, ताकद, स्वभाव समोर दिसतो. पिल्लाबाबत अंदाजच असतो. रुळायला वेळ लागतो एवढं खरं. बावरलेपण जायला 3 दिवस, घराची घडी कळायला 3 आठवडे, पुरतं आपलं व्हायला 3 महिने, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. चौथ्या दिवशी 'हे जमत नाही' म्हणून परत आणणाऱ्यांना तो आधीच सांगायला हवा.

पैशांचं लवकर आटपतो. लस, जंतांचं औषध, नसबंदी, कुठे मायक्रोचिप (ओळख पटावी म्हणून कातडीखाली बसवतात ती चिप), यांचा खर्च फीपेक्षा बहुधा जास्तच असतो. पावती आणि लसीकरणाचं कार्ड मागा. मिळालं नाही तर शंका जरूर घ्या.

आता उरलंसुरलं. शेल्टर म्हणजे आपली अडगळीची खोली नव्हे. जुने टॉवेल आणि पातळ चादरी खरोखर कामाच्या, कारण त्या पुन्हा पुन्हा धुता येतात. उशा आणि कापसाच्या गाद्या नकोत: कुत्री त्या फाडतात, आतला कापूस गिळतात आणि आतडं तुंबलं तर थेट ऑपरेशन. शिवाय त्या नीट निर्जंतुक होत नाहीत. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू बाहेर महिनोन्महिने तग धरतो, साध्या साबणाला दाद देत नाही. चरे पडलेल्या प्लास्टिकच्या भांड्यांतही घाण अडकून राहते, स्टीलची बरी. उरलेल्या अन्नात कांदा, मनुका, चॉकलेट असलं तर ते कुत्र्यांना विषारी. आणि घरातली शिल्लक आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल? कृपया नकोच.

लागतं ते दिसायला अगदी नीरस असतं: कपडे धुण्याची पावडर, ब्लीच, कचऱ्याच्या पिशव्या, हातमोजे, रद्दी वर्तमानपत्रं, मजबूत पट्टे. खाद्य द्यायचं तर तिथे रोज देतात तेच, सीलबंद. अचानक बदललं की हगवण लागते आणि ती साफ करायला पुन्हा तीच माणसं. आईविना पिल्लांसाठी गाईचं दूध नव्हे, पिल्लांसाठीची खास दूध पावडर. निघण्याआधी फोन करून यादी विचारली की फेरी वाया जात नाही.

मेसेजमध्ये एक पर्याय आलेलाच नाही. कायमचं जमत नसेल तर काही आठवडे कुत्रं तात्पुरतं घरी सांभाळता येतं. शेल्टरमध्ये एक पिंजरा मोकळा होतो, आणि हे कुत्रं घरात झोपतं कसं, एकटं राहतं का, दारावरची बेल वाजली की काय करतं, हे पुढे त्याला दत्तक घेणाऱ्याला नेमकं सांगता येतं.