‘दोन तासांचं काम, तीन आठवडे’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या होडीदुरुस्तीच्या गाळ्याबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. होडी हवी तेव्हा मिळाली नाही, चकरा माराव्या लागल्या, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. मुंबईहून उरणजवळ करंज्याला यायचं म्हणजे दिवस मोडतो, हे मला कळतं.

बिल जास्त वाटलं, वागणं पटलं नाही, हे तुमचं मत आहे आणि ते लिहायचा तुम्हाला हक्क आहे. पण ‘सुकाणूच्या दोन बिजागऱ्या बदलायच्या होत्या, दोन तासांचं काम तीन आठवडे लांबवलं, न विचारता वाढवलं’ हे वाक्य फार लागलं. हे पान बघूनच नवे लोक आमच्याकडे होड्या पाठवतात. म्हणून जे झालं ते सविस्तर लिहितो.

होडी आली ती नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते, आणि पौर्णिमेचा नारळ पडला की इथली प्रत्येक बोट पाण्यात जायला हवी असते. तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, गाळ्याच्या दारात उभे असतात. त्यांचा एक दिवस गेला तर खलाशांचा पगार बसून जातो. ‘आत्ता टाकलीत तर वेळ लागेल’ हे होडी टेम्पोतून उतरवतानाच तुम्हाला सांगितलं होतं. तुमचा सीझन ऑक्टोबरात सुरू होतो, म्हणून तुम्ही हो म्हणालात. तरीही तुमचं काम मागे सारलं नाही, दुसऱ्याच दिवशी सुकाणू उतरवलं.

आता दोन तासांबद्दल. सुकाणूवरची पिन होडीवरच्या कडीत बसते, हीच ती बिजागरी. पिन आणि कडी झिजली होती, हे तुमचं अगदी बरोबर. ८ मिलिमीटरची पिन मधोमध ७ पर्यंत आली होती आणि कडीचं भोक लांबट झालं होतं. वारा वाढला की सुकाणू फिरवायचा दांडा हातात थरथरतो अशी तुमची तक्रार होती, त्याचं कारण हेच. तेवढंच असतं तर पिन बदलायची, भोक गोल करून त्यात बुश, म्हणजे आतली नळी, बसवायचा आणि होडी परत द्यायची. मग तुमचे दोन तास मी मान्य केले असते, लेथवाल्याकडची वाट धरून फार तर एक दिवस.

पण खालच्या कडीचा पहिला स्क्रू फिरवला आणि त्याचं डोकं मिस्त्रीच्या हातात आलं. दुसऱ्याचंही तेच. कधीतरी कोणीतरी स्टेनलेसच्या पट्टीला पितळी स्क्रू मारले होते. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की पितळ झिजतं, त्यातलं जस्त निघून जातं, स्क्रू तांबूस पडतो आणि आतून भुसभुशीत होतो. वरून तो ठीकच दिसतो. त्याच भोकांमधून वर्षानुवर्षं पाणी आत जात होतं. पट्टी काढली तर होडीच्या मागच्या फळीच्या प्लायमध्ये टोचा सहज आत गेला. कुजलेल्या चौकटीला नवी बिजागरी ठोकून दार किती दिवस टिकेल, तुम्हीच सांगा.

त्याच संध्याकाळी त्या प्लायचे फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवले. खाली लिहिलं होतं, ‘लाकूड ओलं आहे, सुकवून भरावं लागेल, वेळ आणि खर्च वाढेल.’ त्यावर तुमचं ‘ओके, करा’ आलं. तो मेसेज माझ्याकडे आहे. म्हणून ‘न विचारता’ हा शब्द मला मान्य नाही.

ऑगस्टमध्ये उरणला लाकूड सुकवणं किती अवघड असतं, ते मुंबईच्या पावसात राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. आधी कुजकं सगळं खरवडून काढलं. मग गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुतलं, कारण आत मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि लाकूड कधीच सुकत नाही. मग ताडपत्रीखाली बल्ब आणि पंखा. भोकं भरायची एपॉक्सी, म्हणजे कडक होणारा डिंकासारखा राळ, ओल्या लाकडावर धरत नाही. वरून काचेसारखं दिसतं आणि पहिल्या मोठ्या लाटेला पापुद्रा सुटतो. घाई करून भरलं असतं तर आठवड्यात होडी दिली असती आणि तुम्ही खूश होऊन पाच तारे दिले असते. तशी कामं करणारे आहेत. आमच्या बाबांनी केली नाहीत, मी करत नाही.

भरल्यावरही थांबावं लागतं. एपॉक्सी दुसऱ्या दिवशी हाताला कडक लागते, पण पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा जातो. त्याच दरम्यान तुम्ही आलात आणि ‘फक्त लावून बघू’ म्हणून सुकाणू चढवायला घेतलंत. मिस्त्रीने मोठ्या आवाजात ‘साहेब, हात लावू नका’ म्हटलं. तुम्ही त्याला उद्धट वागणूक लिहिलंय. आवाज चढला, ते बरं नाही झालं, मी त्याच्याशी बोललो आहे. पण तो माणूस तुमच्या होडीसाठीच ओरडला. सुकाणूच्या पात्याची लांबी बघा आणि ते धरणाऱ्या कड्यांमधलं अंतर बघा. टोकाला थोडा हिसका बसला की वर त्याचा कितीतरी पट जोर येतो.

‘नवीन सेट ऑनलाइन याच्या निम्म्यात मिळतो’ असंही लिहिलंय. मिळतो. पण त्याची भोकं जुन्या भोकांवर बसत नाहीत, आणि वरच्या-खालच्या कड्यांचं अंतर सुकाणूच्या पिनांशी जुळावं लागतं. शिवाय ३१६ (खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं स्टेनलेस) लिहिलेलं बरंच सामान साधं ३०४ निघतं, आणि चुंबक लावून त्यातला फरक कळत नाही. तुमच्या कड्या चांगल्या जाड होत्या, म्हणून त्या ठेवल्या. त्यात डेलरिन या कडक प्लास्टिकचे बुश घातले. नायलॉन स्वस्त पडलं असतं, पण ते पाण्यात फुगतं आणि पिन आवळते. पिना ३१६ च्या लेथवर कातून घेतल्या. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट टाकले, आतून पट्टी दिली, आणि दोन्ही कड्यांतून एकच सरळ सळई घालून ओळ जुळवल्यावरच ते आवळले. खालची पिन वरच्यापेक्षा थोडी लांब ठेवली आहे. पाण्यात उभं राहून सुकाणू चढवताना आधी ती सापडते, मग वरची. तुम्ही हे मागितलं नव्हतं, त्याचे पैसेही लावलेले नाहीत.

तुमची होडी फायरबॉल, म्हणजे शर्यतीची दोन माणसांची शिडाची होडी आहे, म्हणून एक गोष्ट लिहावीशी वाटते. १९८२ च्या एशियाडला मुंबईच्याच समुद्रात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी याच जातीच्या होडीवर सुवर्णपदक जिंकलं. प्लायच्या जुन्या फायरबॉल आता फार उरलेल्या नाहीत. अशी होडी गाळ्यात आली की आम्ही तिच्याकडे फक्त बिल म्हणून बघत नाही. मोठ्या जहाजांच्या वाटेत, ओहोटीला, भर वाऱ्यात तिचं सुकाणू सुटलं तर काय होईल, हे हार्बरच्या काठावर राहणाऱ्याला कळतं. तिच्यावर दोन माणसं असतात.

यापुढे काम घेतानाच अंदाजे तारीख कागदावर लिहून द्यायचा आमचा विचार आहे. पावसाळ्यात ती पाळणं कठीण असतं, पण प्रयत्न करू. फोन उचलण्याचंही बघतो.

राहिलं ते ‘अजून थोडं हलतं’. बुशमध्ये अगदी बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते, नाहीतर सुकाणू जड फिरतं. त्याहून जास्त हलत असेल तर माझा संशय दांडा जिथे सुकाणूच्या डोक्याला जोडलाय त्या बोल्टवर आहे. तो जुनाच आहे, त्याला आम्ही हात लावलेला नाही. पूर्ण होडी आणायची गरज नाही, सुकाणू आणि दांडा घेऊन या, बघून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. काढलेले स्क्रू आणि जुन्या पिना पिशवीत तुमच्या नावाने ठेवल्या आहेत, त्याही घेऊन जा. दुपारी चारनंतर या, मिस्त्री तेव्हा गाळ्यातच असतो.