समेटाआधी धोका मोजा

घरात मार खाऊन आलेल्या बाईसमोर बसणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो, पोलीस असो की समाजसेविका, सर्वांत आधी एका गोष्टीचा अंदाज घ्यायला हवा: हिच्या जिवाला धोका किती आहे? आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो आणि पुष्कळदा विचारलाच जात नाही. त्याआधी समेटाची घाई सुरू होते. नवऱ्याला बोलावून घ्या, दोघांना समोरासमोर बसवा, मुलांकडे बघा, पुन्हा असे करणार नाही असे त्याच्याकडून लिहून घ्या. मुंबईतल्या महापालिका रुग्णालयांमध्ये वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरी केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की धोका न मोजता घडवून आणलेला समेट ही निष्काळजी आहे, आणि हेतू कितीही चांगला असला तरी तिला तेच नाव द्यायला हवे.

हे मत पक्के होण्यामागे माझ्या अनुभवाइतकाच जॅकलिन कॅम्पबेल यांच्या संशोधनाचा वाटा आहे. कॅम्पबेल अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापक. म्हणजे मूळच्या नर्स. (आमच्या समाजकार्याच्या क्षेत्रात परिचारिकांनी केलेले संशोधन फारसे कोणी वाचत नाही, आणि त्यात नुकसान आमचेच आहे.) त्यांनी 1985 साली जिवाचा धोका जोखण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिची सुरुवात प्रश्नांनी होत नाही. आधी बाईपुढे गेल्या वर्षाचे कॅलेंडर ठेवतात आणि ज्या ज्या दिवशी मार बसला त्या दिवसांवर तिनेच खूण करायची, प्रत्येक वेळी मार किती गंभीर होता तेही लिहायचे. 'कधीतरी हात उचलतात' असे म्हणणारी बाई होळी, शाळेची फी भरायची तारीख, भावाचे लग्न असे आठवत आठवत खुणा करू लागली, की पानच बोलू लागते. शेवटच्या दोन महिन्यांत खुणा दाट झालेल्या तिला आणि आपल्याला एकाच वेळी दिसतात. त्यानंतर प्रश्न येतात. मारहाण वाढली आहे का? जीवे मारण्याची धमकी दिली आहे का? गरोदरपणात मारले का? शरीरसंबंधासाठी जबरदस्ती करतो का? त्याचे काम सुटले आहे का? कुठे जायचे, कोणाशी बोलायचे हे सगळे तोच ठरवतो का? तो तुला ठार मारू शकेल असे तुला वाटते का?

पुढे 2003 साली कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 11 शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराने ठार केलेल्या स्त्रियांची माहिती त्यांच्या निकटवर्तीयांकडून घेतली आणि मार सोसत असलेल्या पण जिवंत असलेल्या स्त्रियांच्या माहितीशी ती ताडून पाहिली. हाताशी बंदूक असणे, पुरुष बेरोजगार असणे, पूर्वी जीवे मारण्याची धमकी दिलेली असणे, एकत्र राहून नंतर बाई वेगळी झालेली असणे, अशा गोष्टींनी धोका वाढतो हे त्यातून दिसले. मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. ज्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला आणि ज्या वाचल्या, त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांना आपल्यावर ही वेळ येईल असे आधी वाटलेच नव्हते. तेव्हा बाई 'हा मला मारून टाकेल' म्हणाली तर तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा; पण 'नाही हो ताई, इतका काही तो वाईट नाही' म्हणाली तर तेवढ्यावर निर्धास्त व्हायचे नाही. समुपदेशनाच्या वर्गात 'स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवा' एवढेच शिकवले जाते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे.

गळा दाबण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण रुग्णालयात सर्वांत जास्त निसटते ते हेच. पूर्वी गळा दाबला गेला असेल तर त्याच पुरुषाकडून पुढे खून होण्याची शक्यता सात पटींहून अधिक वाढते, असे कॅम्पबेल यांच्या गटानेच 2008 साली दाखवले. आणि गळ्यावर खूण दिसेलच असे नसते. सॅन दिएगो इथल्या 300 प्रकरणांच्या तपासणीत निम्म्या स्त्रियांच्या गळ्यावर काहीही दिसत नव्हते. अशी बाई आपल्याकडे अपघात विभागात येतेच असे नाही. ती दोन दिवसांनी कान-नाक-घशाच्या ओपीडीत रांग लावते. केसपेपरवर लिहिलेले असते: आवाज बसला, गिळताना दुखते. ओढणी नीट गुंडाळलेली असते. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी अशाच एका रुग्णाची पापणी खाली ओढून आत टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके पाहिले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "ताई, गळा कोणी आवळला?" ती बाई आधी सर्दीचेच सांगत राहिली. मग म्हणाली, "आवळला नाही, नुसता धरला होता." (तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत.) 'नुसता धरला' या शब्दांवर केसपेपर बंद झाला असता तर तिला गुळण्यांचे औषध मिळाले असते आणि संध्याकाळी ती त्याच खोलीत परत गेली असती.

ही प्रश्नावली जशीच्या तशी उचलून मुंबईत वापरावी असे मात्र मी म्हणत नाही. बंदुकीचा प्रश्न आपल्या वस्त्यांमध्ये बहुतेक वेळा निरुपयोगी आहे. आपल्याकडे विचारायला हवे ते सासू-दिराचा हात यात आहे का, मोबाईल काढून घेतला आहे का, माहेरचे दार उघडे आहे की 'आता तेच तुझे घर' म्हणून बंद झाले आहे, जाळून टाकण्याची भाषा कधी झाली का. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिने स्वतःचे काही बरेवाईट करायचा प्रयत्न केला आहे का. कॅम्पबेल यांच्या यादीत हा शेवटचा प्रश्न आहे. मुंबईत तो पहिल्या तिनांत असायला हवा. फिनेल किंवा उंदराचे औषध पोटात गेलेली विवाहित तरुणी आली, की 'चुकून प्यायली' असे नातेवाईक सांगतात आणि आपण तसेच लिहून घेतो. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत या संशोधन संस्थेने मिळून 2000 साली 'दिलासा' हे केंद्र सुरू केले, आणि तिथल्या कामातून हे स्पष्ट झाले की विषप्राशनाच्या अशा नोंदींमागे घरातली हिंसा असू शकते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले आहे. त्या ताणाचे कारण विचारायला मात्र वॉर्डात कोणाला वेळ नसतो.

मुंबईची म्हणून आणखी एक अडचण आहे. वेगळे होण्याच्या काळात धोका वाढतो हे संशोधन सांगते, आणि इथे वेगळे होणे म्हणजे आधी डिपॉझिट उभे करणे. 11 महिन्यांच्या करारावर एकट्या बाईला, पदरी मुले असताना, खोली द्यायला कोण तयार होतो? त्यामुळे 'सोडून का देत नाहीस' हे विचारणे जितके निर्दय, तितकेच 'सांभाळून घे' हे सांगणेही. ज्या बायका आमच्याकडे येतात त्यांतल्या पुष्कळ जणींना पोलिसांत जायचे नसते, घर मोडायचे नसते, मार थांबायला हवा असतो. त्यांना परत जायचे असेल तर तो त्यांचा निर्णय आहे आणि मी तो मोडून काढणार नाही. फक्त ती परत जाताना काही तयारीनिशी जावी. आधारकार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले शेजारणीकडे ठेवलेले असावेत, कोणत्या वेळी कोणाला फोन करायचा ते पाठ असावे.

ही माझी कल्पना नाही. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 2005 चा, त्याचे नियम 2006 चे, आणि त्या नियमांसोबतचा पाचवा नमुना म्हणजे सुरक्षा आराखडाच आहे. वकिलांना, संरक्षण अधिकाऱ्यांना, आम्हालाही पहिला नमुना, म्हणजे घडलेल्या हिंसेचा अहवाल, तोंडपाठ असतो. पाचवा नीट भरलेला मला क्वचितच पाहायला मिळाला. याच नियमांनुसार न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकासमोर हिंसेचे समर्थन करण्याची मुभा पुरुषाला नाही. प्रत्यक्षात 'ती उलट बोलते म्हणून' हे वाक्य किती टेबलांवर ऐकून घेतले जाते ते या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा.

माझ्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप आहे की एवढे प्रश्न विचारले तर बाई घाबरून जाईल. ती घाबरलेलीच असते. कोणी नेमके विचारले की उलट तिला बोलायला जागा मिळते. दुसरा आक्षेप कागदांचा आहे आणि तो मला मान्य आहे. आधीच परिचारिकेच्या हाताखाली रजिस्टरांची चळत असते, त्यात आणखी एक फॉर्म आला की तो खोटा भरला जाणार. म्हणून मी कॅम्पबेल यांच्या यादीतल्या सगळ्या 20 प्रश्नांचा आग्रह धरत नाही. अपघात विभागात तीन-चार पुरेत, पण ते पडद्याआड, नातेवाईक बाहेर असताना विचारलेले असावेत, आणि त्यात गळ्याचा प्रश्न असावाच. एकाचे जरी उत्तर हो आले तरी नवऱ्याला बोलावण्याचा विचार तिथेच बाजूला ठेवावा, तिला निदान रात्रभर देखरेखीसाठी दाखल करून घ्यावे आणि सकाळी समुपदेशकाला कळवावे.

सकाळी म्हणते, कारण समुपदेशकांची टेबले बहुधा ओपीडीच्या वेळेत उघडी असतात आणि मार बसतो तो रात्री. रात्री तिच्यासमोर असतात ते निवासी डॉक्टर, सिस्टर, आयाबाई आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांत जाणारे वैद्यकीय प्रकरण, नोंदवणारे पोलीस हवालदार. प्रशिक्षणाच्या कार्यशाळा मात्र समाजसेविकांसाठी होतात, दिवसा आणि सभागृहात. पुढची कार्यशाळा रात्रपाळी सुरू होण्याआधी अपघात विभागातच घ्यावी, आयाबाईंनाही बसवावे, आणि डॉक्टर निघून जाऊ नयेत म्हणून चहा शेवटी द्यावा.