पंचवीस पैशांचा फरक

घरखर्चाचा हिशेब संगणकावर ठेवायचा संकल्प दोन मुहूर्तांवर होतो. एक जानेवारीला, आणि जुलैमध्ये आयकर विवरणपत्र भरताना 'हे व्याज नक्की कुठल्या एफडीचं' हे कळेनासं झाल्यावर. जानेवारीवाले भाबडे असतात, जुलैवाले पोळलेले. पण पहिल्या संध्याकाळी दोघंही करतात तेच: सॉफ्टवेअर उघडून आधी रंग निवडतात. किराण्याला हिरवा, पेट्रोलला लाल, शिक्षणाला निळा. महिनाअखेरीस त्या गोल चार्टमधला सगळ्यात मोठा तुकडा करडा निघतो आणि त्यावर लिहिलेलं असतं 'इतर'.

या सॉफ्टवेअरांना बेरीज उत्तम येते, याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना आपलं घर कळत नाही, एवढंच.

ग्नूकॅशचंच घ्या. फुकट, कुणालाही उतरवून घेता येणारं, १९९८ पासून चालत आलेलं आणि जमा-नावेच्या बाबतीत जुन्या पेढीवरच्या दिवाणजींइतकं कडक. नवी फाइल उघडली की ते तयार खाती पुढे करतं. त्यात 'लॉन्ड्री/ड्राय क्लीनिंग' स्वतंत्र, 'गार्बेज कलेक्शन' स्वतंत्र, करांखाली 'फेडरल', 'मेडिकेअर' आणि 'सोशल सिक्युरिटी'. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे पैसे ड्राय क्लीनिंगमध्ये टाकताना क्षणभर आपली पत वाढल्यासारखी वाटते. पण गणपतीची वर्गणी कुठे टाकायची? सोसायटीचा मेंटेनन्स? कामवाल्या मावशींची दिवाळी? आणि आहेर?

आहेर 'गिफ्ट्स'मध्ये टाकणारा माणूस मराठी घरात वाढलेला नसावा. गिफ्ट दिलं की विसरायचं असतं. आहेराची वही असते. आपल्या कार्यात त्यांनी पाचशे एक घातले, म्हणजे त्यांच्याकडच्या मुंजीत आपल्याला पाचशे एकच्या खाली जाता येत नाही. हिशेबाच्या भाषेत हे सरळसरळ देणं झालं. मुदत ठरलेली नाही, व्याजाचा दर घरातली वडील माणसं ठरवतात.

भिशीची गंमत याहून मोठी. बारा जणी, दरमहा २,००० रुपये, उचल २४,००० ची. नवशिका माणूस दर महिन्याचे दोन हजार खर्चात टाकतो आणि नंबर लागला की चोवीस हजार उत्पन्नात. मग सॉफ्टवेअर 'या महिन्यात तुमचं उत्पन्न वाढलं' म्हणून अभिनंदन करतं आणि घरात आइस्क्रीम येतं. प्रत्यक्षात चौथ्या महिन्यात नंबर लागला असेल तर तोवर भरलेले ८,००० हे आपलं येणं होतं. २४,००० हातात आले की ते फिटून उलट १६,००० देणं उरलं, पुढचे आठ महिने फेडायचं. त्यामुळे खर्च-उत्पन्नाच्या वाटेलाच जाऊ नका. मालमत्तेखाली 'भिशी' नावाचं एक खातं उघडा आणि येणं-जाणं सगळं तिथेच लिहा. चौथ्या महिन्यानंतर शिल्लक लाल अक्षरांत उणे दिसेल. घाबरायचं नाही, बाराव्या महिन्याला ती शून्यावर येते. नाही आली तर सॉफ्टवेअर बदलू नका, भिशी चालवणाऱ्या वहिनींना फोन करा.

हे सगळं हाताने कुठे भरत बसायचं, म्हणून मग बँकेचं स्टेटमेंट आयात करायची बुद्धी होते. पीडीएफ घेऊ नका. तिचा पासवर्ड एका बँकेत नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचा दिवस-महिना असतो, दुसरीत ग्राहक क्रमांक, आणि अक्षरं मोठी की छोटी हे तिसऱ्या प्रयत्नात कळतं. एक्सेल किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची फाइल) घ्या. एक्सेल म्हणून जे उतरतं ते बऱ्याचदा एक्सेल नसतंच, आत एचटीएमएल किंवा साधा मजकूर भरलेला असतो. त्यामुळे उघडताना 'फाइलचा प्रकार आणि नाव जुळत नाही' अशी कुरकुर ऐकू येते. ती ऐकून घ्या आणि पुढे चला.

पुढे तारखा आहेत. संगणकाची तारखेची मांडणी अमेरिकन राहून गेली असेल तर ०३/०४/२०२५ हा एक्सेलच्या लेखी चार मार्च असतो. एप्रिलच्या एक ते बारा तारखांचे व्यवहार असे चार जानेवारी, चार फेब्रुवारी करत थेट चार डिसेंबरपर्यंत पसरतात. तेरा तारखेला मात्र एक्सेल अडतं, कारण तेरावा महिना त्याला माहीत नाही (आपल्याला अधिक मासाची सवय आहे, त्याला नाही). मग ते तिथून पुढच्या तारखांना मजकूर समजून रकान्यात डावीकडे ढकलतं. बिघाड ओळखायची खूण हीच: काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. उपाय सोपा आहे. फाइलवर डबल-क्लिक करायचंच नाही. एक्सेलमध्ये 'डेटा'खालच्या 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही'ने ती आत घ्यायची आणि तारखेचा रकाना आधीच नीट सांगून ठेवायचा. एक्सेलचा फुकट भाऊबंद लिब्रेऑफिस तर उघडतानाच विचारतं, तिथे रकान्यावर टिचकी मारून 'डेट डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) निवडायचं. संदर्भ क्रमांकांचा रकाना मजकूर म्हणून घ्यायचा, म्हणजे यूपीआयचा १२ आकडी क्रमांक '४.१२ई+११' असा दिसत नाही, आणि १६ आकडी कार्ड नंबरचा शेवटचा आकडा शून्य होत नाही. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच नेकीने वागतं.

इतकं करून फाइल आत गेली की नॅरेशन, म्हणजे प्रत्येक व्यवहारापुढे बँकेने लिहिलेलं वर्णन, वाचायला मिळतं. भाजीवाल्याच्या क्यूआरमागे त्याचा मेहुणा असतो, रिक्षावाल्यामागे त्याची बायको, आणि चहाच्या टपरीमागे कुणी तरी 'एंटरप्रायझेस'. महिनाअखेरीस सगळं घर चौकशी समितीसारखं बसतं: दर मंगळवारी आपल्याकडून साठ रुपये घेणारे हे गृहस्थ कोण? ग्नूकॅश जुन्या नोंदींवरून अंदाज बांधतं, पण आपल्या बँका नाव, क्रमांक आणि शाखा एकाच न तुटणाऱ्या ओळीत जोडून देतात. ती ओळ दर वेळी नवी, त्यामुळे अंदाज दर वेळी कोरा. यावर एकच इलाज: पैसे देतानाच यूपीआयच्या नोटमध्ये एक शब्द टाकायचा, 'भाजी' किंवा 'दूध'. बऱ्याच बँकांच्या नॅरेशनच्या शेपटीला तो उतरतो.

आणि यूपीआय लाइट (छोट्या खर्चांसाठी आधी पैसे भरून ठेवायचं फोनमधलं पाकीट) वापरत असाल तर तेही मिळणार नाही. लाइटमधले छोटे व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटमध्ये येतच नाहीत, तिथे फक्त 'लाइटमध्ये १,००० भरले' ही एक ओळ दिसते. ते हजार रुपये खर्च धरायचे नाहीत. एटीएममधून काढलेली रोख जशी 'रोख' खात्यात जाते, तसे ते 'लाइट' खात्यात जातात. महिन्याच्या शेवटी तिथे जेवढे उरले असतील ते वजा करून बाकीचं 'किरकोळ' म्हणून एका रकमेत मारून टाका. कटिंग चहाची स्वतंत्र नोंद ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्याकडे चहाला जायला नको वाटतं.

एवढा उपद्व्याप नको असलेली मंडळी मोबाईलचे एसएमएस वाचणारं अ‍ॅप घेतात. ते आपलं आपण सगळं नोंदवतं, आणि संकट तेच आहे. ओटीपीच्या संदेशात ४,९९९ रुपये लिहिले असले की ते खर्च धरतं, मग खरेदीचा संदेश आला की पुन्हा धरतं. 'तुमच्यासाठी ५,००,००० रुपयांचं कर्ज मंजूर' हे कधी कधी उत्पन्नात जातं. स्वतःच्या एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले पैसे एकीकडे खर्च, दुसरीकडे कमाई. क्रेडिट कार्डावरचा किराणा एकदा घेताना खर्च आणि एकदा बिल भरताना खर्च. दुकानात अडकलेलं यूपीआय पेमेंट परत आलं की तेही उत्पन्न! रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत, नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. ती भरपाई मिळाली तर खुशाल उत्पन्नात टाका. मूळ रक्कम मात्र ज्या खर्चातून गेली त्याच खात्यात उलटी लिहायची.

शिवाय फुकट अ‍ॅपला पोट असतंच. 'तुम्ही या महिन्यात ठरवल्यापेक्षा जास्त खर्च केला' या लाल पट्टीखाली हिरवं बटण असतं: 'दोन मिनिटांत पर्सनल लोन'. सप्टेंबर २०२१ पासून आपल्या संमतीने बँकेतली माहिती अ‍ॅपपर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थाची, म्हणजे अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची सोय आल्यावर एसएमएस वाचू द्यायची गरजही उरलेली नाही. तिथे संमती देताना माहिती कशासाठी, किती काळ आणि किती वेळा घेणार हे पडद्यावर लिहिलेलं असतं. ते वाचायचं असतं. लग्नपत्रिकेवरच्या 'आमचे येथे श्री कृपेकरून'वरून जशी नजर सरकते तशी सरकवू नये.

आता मुख्य दुखणं. दरमहा ५,००० ची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात हप्त्याहप्त्याने गुंतवणूक. बँकेतून गेले ५,०००. फंडाच्या स्टेटमेंटमध्ये मात्र गुंतवणूक ४,९९९.७५. युनिट गुणिले एनएव्ही (एका युनिटचा त्या दिवसाचा भाव) करून बघा, पाच हजार येत नाहीत. ग्नूकॅश हा फरक 'इम्बॅलन्स-आयएनआर' नावाच्या खात्यात नेऊन ठेवतं, आणि ते खातं यादीत रोज डोळ्यांसमोर राहतं. रात्री साडेदहानंतर घराघरांतून मग असे संवाद ऐकू येतात:

"झोपायचं नाही का?"

"फरक सापडत नाहीये."

"केवढ्याचा?"

"पंचवीस पैशांचा."

फरकाचं कारण: १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क आहे. पाच हजारांवर ते भरतं बरोबर पंचवीस पैसे. पंचवीस पैशांचं नाणं सरकारने ३० जून २०११ लाच चलनातून काढलं होतं, पण वसूल करण्यापुरतं ते अजून जिवंत आहे. नोंद तीन ओळींची करा: बँकेतून ५,०००, फंडात ४,९९९.७५, 'मुद्रांक शुल्क' खर्चात ०.२५. ती दरमहा आपोआप पडेल अशी लावून ठेवा, म्हणजे घर झोपेल.

आपोआप पडणाऱ्या नोंदींचंही एक आहे. पगाराची नोंद अशी लावली की अकरा महिने ती देवासारखी चालते आणि फेब्रुवारीत शंभर रुपयांनी चुकते. महाराष्ट्रात व्यवसाय कर दरमहा २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० पुरे करायला. गृहकर्जाचा हप्ता तर आपोआप लावूच नका, निदान एका रकमेत नको. २५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता साधारण २१,६९६. पहिल्या महिन्यात त्यातले १७,७०८ व्याज, म्हणजे खरा खर्च, आणि उरलेले ३,९८८ मुद्दल, म्हणजे कमी झालेलं कर्ज. पुढच्या महिन्यापासून ही वाटणी थोडी थोडी सरकत जाते. बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागवून वर्षातून एकदा बारा नोंदी करून टाकाव्यात. तो तक्ता पहिल्यांदा बघताना शेजारी पाणी ठेवावं.

एवढ्यातून तगलात तर महिन्यातून एकदा ताळा घ्यायचा. ग्नूकॅशमध्ये 'रिकन्साइल' उघडून स्टेटमेंटची अखेरची शिल्लक भरायची आणि एकेक नोंदीवर खूण करत जायचं. बचत खात्याला महिनाअखेर चालते. क्रेडिट कार्डाला चालत नाही, त्याचं बिल ज्या तारखेला निघतं त्याच तारखेला बसावं लागतं. फरक आला तर आधी त्याला नऊने भागा. भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे पडलेत: ५४० चे ४५० झाले की फरक ९० चा. तो संशय खोटा ठरला तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. १,२०० चा फरक असेल तर ६०० ची एखादी नोंद जमेऐवजी नावे पडलेली असते. दोन्ही युक्त्या हरल्या आणि फरक शंभराच्या आत असेल, तर 'किरकोळ'मध्ये टाकून दिवा मालवावा. खातीही मोजकी ठेवा. दहा-बारा पुरतात. चाळीस खाती उघडणारा माणूस मार्चपर्यंत टिकत नाही.

३१ मार्चला सगळं सीएसव्हीत बाहेर काढून दुसरीकडे ठेवा. मायक्रोसॉफ्ट मनीची विक्री २००९ मध्ये थांबली, अमेरिकेतलं हिशेबाचं लोकप्रिय अ‍ॅप मिंट मार्च २०२४ मध्ये बंद झालं, आणि दोन्हींच्या ग्राहकांना आपली वर्षानुवर्षांची नोंद उचलून नवं घर शोधावं लागलं. ग्नूकॅश बंद पडायची भीती कमी, पण ते दर सेव्हला फाइलच्या शेजारी तारीख-वेळ घातलेली एक प्रत ठेवतं आणि अशा प्रती तीस दिवस सांभाळतं. फोल्डर उघडून 'एवढा कचरा कशाला' म्हणत मूळ फाइलच पुसणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. त्या फोल्डरला 'जुने वीजबिल' असं नाव द्या, कुणी हात लावत नाही.

दुधाचा हिशेब मात्र कॅलेंडरवरच राहू द्या. तिथे 'आज अर्धा लिटर जास्त, उद्या नको' एवढं लिहायला चौकोन पुरतो, आणि दूधवाला सीएसव्ही वाचत नाही.