सीडीत जागा होती ना, मग कॉम्प्रेशन कशाला? अहो, थांबा जरा

सध्या एक मेसेज फिरतोय, की १९९०च्या दशकातल्या गेममधले व्हिडिओ दाणेदार दिसायचे कारण बनवणारेच आळशी, सीडीवर ६५० एमबी जागा होती, शूटिंग कॉम्प्रेस न करता, म्हणजे फाइलचा आकार न आवळता, तसंच कॉपी करायचं, आणि तयार सॉफ्टवेअर तर होतीच म्हणे. वाचून डोक्याला हात लावला.

आधी जागेचं बघू. ३२० बाय २०० पिक्सेल, २५६ रंग, म्हणजे एका फ्रेमला ६४,००० बाइट. सेकंदाला १५ फ्रेम धरा, झाले ९ लाख ६० हजार. आख्खी सीडी १२ मिनिटांच्या आत खलास, त्यात आवाज नाही आणि गेमही नाही! बरं जागा सोडा, खरी गोची स्पीडची, सिंगल स्पीड ड्राइव्ह सेकंदाला १५० केबीच द्यायचा, म्हणजे लागतंय त्याचा जेमतेम सहावा हिस्सा. टाकी भरलेली पण तोटी बारीक.

तयार सॉफ्टवेअर? व्हिडिओ आवळणारं सिनेपॅक होतं, मान्य. तरीपण १९९५च्या कमांड अँड कॉन्कर या गेमसाठी वेस्टवूड कंपनीने स्वतःचा व्हीक्यूए हा व्हिडिओ फॉरमॅट वापरलाच ना. त्यात चित्राचे ४ बाय २ पिक्सेलचे तुकडे पाडायचे, एकसारखे दिसणारे तुकडे एकाच नमुन्यावर भागवायचे, आणि फ्रेममध्ये फक्त नमुन्याचा नंबर लिहायचा, ८ बाइटच्या जागी २. नमुने शोधायला कॉम्प्युटरला भरपूर वेळ लागतो पण तो ऑफिसमध्ये, खेळणाऱ्याच्या पीसीला नुसतं उचलून चिकटवायचं काम. आणि हो, रंग २५६च, त्यामुळे सीन बदलला की पॅलेट, म्हणजे त्या २५६ रंगांची यादी, बदलणार, आणि पडद्यावर जुनी फ्रेम असतानाच नवी पॅलेट लागली तर माणसाचा चेहरा क्षणभर हिरवा-जांभळा! पॅलेट नेमकी कटवर बदलायला हवी, हे नेहमीच्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला कुठून कळणार?

दाणे म्हणाल तर ते डिदरिंग, कमी रंगांत जास्त रंगांचा भास.

आळशीपणाचं म्हणाल तर १९९९ मध्ये एंजेल स्टुडिओज या कंपनीने रेसिडेंट इव्हिल २ हा गेम, जो प्लेस्टेशनवर दोन सीडींचा होता, तो निन्टेंडो ६४ या गेम कन्सोलच्या ६४ एमबी कार्ट्रिजमध्ये व्हिडिओसकट बसवला, आणि प्लेस्टेशनसारखं आवळलेला व्हिडिओ उलगडायचं खास हार्डवेअरही तिथे नव्हतं.

पटत नसेल तर कमांड अँड कॉन्करच्या जुन्या सीडीवरच्या मिक्स फाइलमधून (गेमच्या फाइलींचं गाठोडंच ते) एखादी व्हीक्यूए बाहेर काढा, एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरने आजही चालते, आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा, ते ४ बाय २ चे तुकडे दिसतील.